गादीतला चुंबक, रक्तातलं लोह

चुंबकीय गादीचं प्रात्यक्षिक पाहिलं असेल, तर त्यातला एक क्षण तुमच्या नक्की लक्षात असेल. विक्रेता चादरीवर टाचण्या पसरतो आणि त्या जागच्या जागी उभ्या राहतात. मग तो विचारतो, "आपल्या रक्तात काय असतं? लोह ना?"

खोलीतल्या सगळ्यांच्या माना हलतात. हिमोग्लोबिन कमी म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिलेल्या असतात, घरात लोखंडी कढईतली भाजी मुद्दाम खाल्लेली असते, उत्तरेकडे डोकं करून झोपू नये हे तर लहानपणापासून कानावर आहे. सगळं जुळत जातं. चुंबक लोहाला ओढतो, रक्तात लोह आहे, म्हणजे गादी रक्ताला ओढणार, रक्ताभिसरण वाढणार आणि अनेक वर्षांची कंबरदुखी रात्रीच्या झोपेत निघून जाणार.

हा विचार वेडगळ मुळीच नाही. तो इतका सरळ आहे की, त्यातली कच्ची कडी शोधायला मायकेल फॅरडे, लायनस पॉलिंग यांच्यासारखे शास्त्रज्ञ लागले. आणि त्यांना जे सापडलं ते ऐकून मी आजही थक्क होतो.

प्रौढ माणसाच्या शरीरात मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. छोट्या खिळ्याएवढंच! त्यातला मोठा वाटा हिमोग्लोबिनमध्ये. पण खिळ्यातलं लोखंड आणि रक्तातलं लोह यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोहाचा प्रत्येक अणू हा स्वतः एक इवलासा चुंबक असतो. खिळ्यात असे अब्जावधी अणू एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि शेजाऱ्याच्या दिशेनं तोंड करतात. आषाढीला आळंदीहून निघालेल्या वारीत लाखो पावलं जशी एकाच दिशेनं पडतात, तशी या अणूंची दिशा एक होते. चुंबकाला खिळा झपकन चिकटतो तो या एकीमुळे.

आता हिमोग्लोबिनच्या रेणूत डोकावून पाहा. त्यात लोहाचे अणू फक्त चार. प्रत्येक अणू आपापल्या कड्याच्या मधोमध बसवलेला, भोवती हजारो इतर अणूंचा पसारा. एक लोहाणू दुसऱ्याला गाठूच शकत नाही. एकी नाही, म्हणून ओढही नाही. शिवाय रक्ताचा बराचसा भाग पाणी, आणि पाण्याला चुंबक हलकेच दूर ढकलतो.

हो, दूर ढकलतो! १८४५ साली लंडनमध्ये फॅरडेनं एका शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये हाताला येईल ते टांगून पाहिलं: काच, लाकूड, पाव, सफरचंद, मांस, रक्तसुद्धा. यातलं काहीच चुंबकाकडे झेपावलं नाही. उलट ते सारं अतिशय दुबळ्या जोरानं बाजूला सरकलं. लोह असलेलं रक्तही त्यातच. फॅरडेनं लिहून ठेवलं की, माणसाला असं टांगता आलं, तर तोही चुंबकाच्या टोकांकडे न वळता आडवाच फिरेल.

माणूस नाही, पण बेडूक टांगला गेला. १९९७ साली नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी जिवंत बेडूक १६ टेस्लाच्या, म्हणजे चुंबकी क्षेत्र मोजायच्या जुन्या एककात १,६०,००० गॉसच्या क्षेत्रात सोडला आणि तो कशाचाही आधार नसताना हवेत तरंगत राहिला. त्याच्या अंगातल्या पाण्याच्या प्रत्येक रेणूला चुंबक वर ढकलत होता. बेडूक सुखरूप बाहेर आला. याच गाइमना पुढे २०१० साली ग्राफीनवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. जिवंत देहाला चुंबकानं हलवायचं, तर काय लागतं याचा अंदाज या बेडकावरून येतो.

गंमत अशी की, हिमोग्लोबिनमधलं लोह अगदीच निर्विकार नाही. पॉलिंग आणि चार्ल्स कोरियल यांनी १९३६ साली दाखवून दिलं की, प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सरतं, तर प्राणवायू सोडून आलेलं हिमोग्लोबिन किंचित त्याच्याकडे ओढलं जातं. धमनीतून निघालेला तोच रेणू शिरेत पोहोचेपर्यंत आपला चुंबकी स्वभाव बदलून बसतो! प्राणवायू येऊन बसला की लोहाचे इलेक्ट्रॉन जोड्या करतात आणि त्याचं चुंबकत्व मावळतं. प्राणवायू गेला की जोड्या सुटतात, चुंबकत्व परततं. तुमच्या अंगात हे या क्षणीही चाललं आहे, प्रत्येक श्वासाबरोबर.

पण ही ओढ फार नाजूक आहे. एमआरआयच्या यंत्रात रुग्ण १५,००० किंवा ३०,००० गॉसच्या क्षेत्रात अर्धा-अर्धा तास पडून असतो. गादीचा युक्तिवाद खरा असता, तर तिथे रक्त एका बाजूला गोळा होऊन अनर्थ झाला असता. तसं काहीही होत नाही. होतं ते वेगळंच: रक्तातले विद्युतभारित कण क्षेत्रातून वाहताना बारीकसा विद्युतदाब तयार होतो आणि आत घेतलेला ईसीजी थोडा वाकडा दिसतो. ७०,००० गॉसच्या यंत्रात काहींना घेरी येते, कारण आतल्या कानातल्या द्रवावर चुंबकी क्षेत्र हलका जोर लावतं.

मग गादीत किती गॉस असतात? जाहिरातीत ८००, १०००, कधी त्याहून मोठे आकडे दिसतात, आणि ते खोटे असतातच असं नाही. पण मोजमाप चुंबकाच्या अगदी पृष्ठभागावरचं असतं, आणि चुंबकाचं क्षेत्र अंतराबरोबर कोसळतं, एवढं की विश्वास बसत नाही. रुपयाच्या नाण्याएवढा, अर्धा सेंटिमीटर जाडीचा फेराइट चुंबक घेऊन गणित मांडा. पृष्ठभागावर साधारण ८५० गॉस. दोन सेंटिमीटरवर ६५. पाच सेंटिमीटरवर सहा. दहा सेंटिमीटरवर एकसुद्धा नाही. वरचं कापड, कापसाचा किंवा फोमचा थर, चादर, कपडे, कातडी, स्नायू हे सगळं ओलांडून दुखऱ्या मणक्यापर्यंत पोहोचेस्तोवर काय उरलं, ते तुम्हीच पाहा. शेजारी उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून-पालटून ठेवले असतील, तर ते एकमेकांना खोडतात आणि क्षेत्र आणखी लवकर विरतं.

इथे दुसरा दावा पुढे येतो, आणि तो मला जास्त रंजक वाटतो. टोकियोतल्या इसुझू रुग्णालयाचे डॉक्टर क्योइची नाकागावा यांनी १९७६ साली मांडलं की, पृथ्वीचं चुंबकत्व घटत चाललं आहे, त्यात आपण लोखंड-सिमेंटच्या इमारतींत राहतो, म्हणून शरीरात चुंबकत्वाची कमतरता होते आणि खांदे भरून येणं, पाठ दुखणं, झोप न लागणं सुरू होतं. गादी ती कमतरता भरून काढते, जणू जीवनसत्त्वाची गोळीच.

पृथ्वीचं क्षेत्र घटतंय हे खरं आहे. १८४०च्या सुमारास नियमित मोजमापं सुरू झाल्यापासून ते दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं. आणि हे कळलं ते जगभरच्या ज्या थोड्या वेधशाळांमुळे, त्यांतली एक आपल्या मुंबईची. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकसुईच्या नोंदी होऊ लागल्या. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्याकडून आलेल्या महावादळानं पृथ्वीचं क्षेत्र हेलकावलं, तेव्हा कुलाब्याच्या सुईनं सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. जगभरचे अभ्यासक आजही त्या नोंदीकडे परत परत येतात. पुढे मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार असं ठरलं. त्या विजेनं नाजूक सुया बिथरणार, म्हणून १९०४ साली चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला हललं. नानाभॉय मूस हे तेव्हाचे संचालक. नवी जागा जुन्या नोंदींशी जुळावी यासाठी काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली गेली. अलिबागच्या इमारतींत लोखंड नाही, दगडही चुंबकीय नसलेला पारखून आणलेला. आपला काळा बेसाल्ट तिथे चालला नसता, त्यात लोहखनिज खच्चून असतं.

त्या अलिबागला पृथ्वीचं क्षेत्र आहे ०.४३ गॉसच्या आसपास. आता ब्राझीलच्या साओ पावलो शहरात चला. पृथ्वीच्या क्षेत्राला दक्षिण अटलांटिकवर एक मोठा खळगा पडला आहे, आणि हे शहर त्याच्या छायेत येतं. तिथे क्षेत्र भरतं ०.२३ गॉस, आपल्या निम्मं! एक कोटीहून अधिक माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, कामाला जातात, फुटबॉल खेळतात. १८४०पासूनच्या दहा टक्के घटीनं माणसाच्या पाठीचा कणा दुखायला लागत असेल, तर निम्म्या क्षेत्रातल्या या शहरानं अंथरूणच धरायला हवं होतं. तसं कधी दिसलेलं नाही.

म्हणून क्षीण चुंबकत्वाचं जिवांना काहीच घेणंदेणं नाही असं मात्र समजू नका. रॉबिन नावाचा युरोपातला चिमुकला पक्षी याच अर्ध्या गॉसच्या भरवशावर रात्रीच्या अंधारात स्थलांतराची दिशा धरतो. चिखलातले काही जिवाणू स्वतःच्या पेशीत मॅग्नेटाइटच्या कणांची माळ ओवतात आणि तिच्या आधारानं खालच्या गाळाकडे पोहतात. क्षेत्र जाणून घ्यायचं तर त्यासाठी खास इंद्रिय किंवा अवजार लागतं, आणि उत्क्रांतीनं ते या जिवांना घडवून दिलं. आपल्या गुडघ्यात तसं अवजार कोणालाही सापडलेलं नाही.

मग खरा कठीण प्रश्न उरतो. गादीवर झोपून बरं वाटलं असं सांगणारी माणसं खोटं बोलतात का?

अजिबात नाही. या प्रश्नाचा माग काढत आपण थेट अठराव्या शतकात जाऊन पोहोचतो. व्हिएन्नात फ्रान्ट्स अँटन मेस्मर या डॉक्टरनं १७७४ साली एका आजारी तरुणीच्या अंगावर लोहचुंबक लावले. तिला अंगातून प्रवाह वाहिल्यासारखं वाटलं आणि आराम पडला. लवकरच मेस्मरच्या लक्षात आलं की, चुंबक बाजूला ठेवले तरी परिणाम होतो. त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला की, चुंबकी शक्ती त्याच्या स्वतःच्याच देहात आहे! १७७८ साली तो पॅरिसला आला आणि सारं शहर त्याच्या नादी लागलं. लोक त्याच्या दालनात रडत, थरथरत, बेशुद्ध पडत आणि बरे होऊन घरी जात.

शेवटी राजा सोळाव्या लुईनं १७८४ साली चौकशी मंडळ नेमलं. त्यातली नावं पाहा: रसायनशास्त्राचा जनक मानला जाणारा लाव्हॉझिए, खगोलशास्त्रज्ञ बाई, डॉक्टर गियोतँ, आणि अध्यक्षस्थानी अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसमध्ये राहणारा ७८ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन. मेस्मरनं सहकार्य नाकारलं, पण त्याचा शिष्य देलों तयार झाला. फ्रँकलिनला मूतखड्याचा त्रास होता, म्हणून मंडळ त्याच्या पासी इथल्या घरी गेलं. तिथल्या बागेतलं जर्दाळूचं एक झाड देलोंनं चुंबकशक्तीनं भारलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून आणलं आणि एकामागून एक चार झाडांना मिठी मारायला लावली. पहिल्या झाडाशी त्याला घाम फुटला. पुढे गरगरायला लागलं. चौथ्या झाडापाशी तो कोसळला. भारलेलं झाड तिथून २४ फुटांवर होतं.

दुसऱ्या एका बाईला साध्या पाण्याचे पेले दिले. पाणी भारलेलं आहे या समजुतीनं तिला झटका आला. सावरल्यावर तिनं पाणी मागितलं, तेव्हा खरोखर भारलेला पेला तिच्या हातात ठेवला. तो तिनं शांतपणे पिऊन टाकला.

या डोळ्यांवरच्या पट्टीचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही. रुग्णाला काय दिलंय हे त्याच्यापासून लपवायचं आणि मग परिणाम पाहायचा! आज बहुतेक नव्या लसींना, गोळ्यांना या पट्टीखालून जावं लागतं. ही कल्पना माणसाच्या हाती इतक्या नेमकेपणानं आली ती चुंबकाच्या उपचारामुळे. पंधरा वर्षांनी इंग्लंडमध्ये जॉन हेगार्थ या डॉक्टरनं तीच युक्ती वापरली. तेव्हा दुखरा भाग धातूच्या दोन टोकदार कांड्यांनी चोळण्याची साथ आली होती. हेगार्थनं १७९९ साली तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या केल्या. पाचांपैकी चार रुग्णांना लाकडानंही आराम पडला.

गादीलाही ही पट्टी बांधून झाली आहे. १९९७ साली ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात पोलिओनंतरच्या दुखण्यानं त्रासलेल्या ५० जणांवर चुंबकाची चाचणी झाली: खऱ्या चुंबकानं ७६ टक्क्यांना आराम, खोट्यानं १९ टक्क्यांना. केवढी आशा वाटली असेल! मग इतरांनी तपासायला घेतलं. कंबरदुखीवर २००० साली फरक दिसला नाही. टाचदुखीवर २००३ साली चुंबकी बूटतळव्यांनी १०१ जणांत फरक पडला नाही. व्हर्जिनिया विद्यापीठात फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखण्याच्या आजाराच्या, रुग्णांना सहा महिने चुंबकी अंथरुणावर झोपवलं. वेदनेच्या एका मापात खऱ्या चुंबकाची सरशी झाली, पण दैनंदिन हालचालींत खोट्या अंथरुणाहून ठोस फरक सिद्ध झाला नाही. २००७ साली एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या. वेदनेच्या १०० मिलिमीटरच्या पट्टीवर खऱ्या आणि खोट्या चुंबकातलं अंतर भरलं सुमारे दोन मिलिमीटर, म्हणजे योगायोगानंही पडेल एवढं. सांध्यांच्या झिजेबद्दल मात्र त्यांनी निकाल राखून ठेवला.

या चाचण्या अवघड का असतात, माहीत आहे? कारण टाचणी! आपल्या वाट्याला खरा चुंबक आलाय की खोटा, हे रुग्णाला घरी जाऊन क्षणात तपासता येतं. गोळीत औषध आहे की साखर, ते असं कळत नाही.

बरं वाटण्याची आणखी साधी कारणंही आहेत. कंबरदुखी भरती-ओहोटीसारखी येते-जाते, आणि माणूस हजारो रुपये मोजून गादी घेतो तो दुखणं शिगेला पोहोचलेलं असताना. त्यानंतर ते बहुधा उतरतंच. शिवाय गादी नवी असते! स्पेनमध्ये ३१३ जणांवर केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम कडक गादीनं फार कडक गादीपेक्षा कंबरदुखीला जास्त आराम दिला होता. खोलगट झालेली जुनी गादी टाकून सपाट, घट्ट गादीवर झोपलं तर पाठ सुखावणारच. ते श्रेय फोमचं आणि कापसाचं.

हलता चुंबक मात्र खरोखर काम करतो. फॅरडेनंच १८३१ साली दाखवलं की, बदलतं चुंबकी क्षेत्र वीज निर्माण करतं. त्या तत्त्वावर न जुळणारी हाडं जुळवायला स्पंदित क्षेत्र वापरतात, आणि १९८५पासून कवटी न उघडता मेंदूच्या पेशी चेतवता येतात. गादीतला चुंबक रात्रभर निश्चल असतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. घरात कुणाला पेसमेकर असेल, तर अशी गादी आणू नका. दहा गॉसच्या आसपासचं क्षेत्र पेसमेकरची चाल बदलू शकतं, आणि कुशीवर किंवा पालथं झोपलेल्या माणसाची छाती चुंबकाच्या तेवढ्या जवळ येऊ शकते. आणि मधुमेह किंवा रक्तदाब बरा होईल असं कुणी सांगितलं, तर चालू गोळ्या थांबवू नका. या आजारांवर अशा उपायांच्या जाहिराती करायला १९५४च्या कायद्यानंच मनाई आहे.

आता तो मुलगा आठवा, डोळ्यांवर पट्टी बांधलेला. त्याला जे झालं ते खरंच झालं, पण कशानं? १९७८ साली कॅलिफोर्नियात दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. खोट्या औषधानं ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना अफूचा परिणाम पुसणारं नालोक्सोन दिलं, तर वेदना परत आली. म्हणजे नुसत्या विश्वासानं शरीरानं स्वतःचं अफूसारखं रसायन स्रवलं होतं!

आणि हे घडताना पाहायचं कसं? इथे रक्तातलं लोह कामाला आलं. बेल प्रयोगशाळेतल्या सेइजी ओगावा यांनी १९९० साली पॉलिंगनं दाखवलेला, प्राणवायूबरोबर बदलणारा तो चुंबकी स्वभाव हेरला आणि एमआरआयनं मेंदूतल्या रक्तात तो टिपला. मेंदूचा जो भाग काम करतो तिथे ताजं रक्त धावतं, चुंबकी स्वभाव पालटतो आणि पडद्यावर तो भाग उजळतो. २००४ साली टोर वेजर आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना या यंत्रात झोपवलं, साधं मलम वेदनाशामक म्हणून लावलं आणि चटका दिला. वेदना जाणवणारे मेंदूचे भाग खरोखर मंदावले. आणि चटका बसण्याआधीच, तो येणार एवढी सूचना मिळताच, कपाळामागच्या मेंदूची लगबग वाढली. ज्यांच्यात ती जास्त वाढली, त्यांना पुढे आराम जास्त पडला.